तीन मिळाले, पण कशाचे? आमच्या टीमच्या अप्रेझलचं एक प्रकरण

मार्च संपत आला होता. खराडीच्या ऑफिसमधली छोटी मीटिंग रूम, आणि समोर माझ्या टीममधली एक डेव्हलपर, साडेतीन वर्षांचा अनुभव, मूळची लातूरची, बोलायला कमी पण कामाला एकदम चोख. तिचा अप्रेझल फॉर्म मी लॅपटॉपवर उघडून तिच्याकडे वळवला. आठ रकाने, आठही ठिकाणी 3. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "सर, तीन म्हणजे नेमकं काय कमी पडलं? चार मिळायला मी काय करायला पाहिजे होतं?"

मी काहीतरी ओनरशिप वाढव, थोडी पुढे ये, मीटिंगमध्ये बोलत जा असं म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली. पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं हे मला कळलं होतं आणि तिलाही कळलं होतं, आणि तो 3 मीच दिलेला होता.

हे सगळं लिहून काढतोय कारण पुढच्या वर्षभरात आम्ही रेटिंग स्केल ठेवायची की रुब्रिक (म्हणजे प्रत्येक पायरीला काम नेमकं कसं दिसतं हे वाक्यांत लिहिलेला तक्ता) आणायचं यावर बरंच डोकं लावलं, काही गोष्टी जमल्या, काही अजून अर्धवट आहेत, आणि पंधरा-वीस जणांच्या टीम सांभाळणाऱ्या बऱ्याच लोकांच्या समोर हाच प्रश्न असतो.

आधी टीमबद्दल. अकरा डेव्हलपर, तीन लीड आणि मी. काम बिलिंगचं, म्हणजे पेमेंट गेटवेकडून पैसे आल्याचा निरोप आला की आमच्या लेजरमध्ये, म्हणजे हिशोबाच्या नोंदवहीत, एंट्री पडते, रात्री जुळवणी होते, फरक आला की ऑन-कॉलवाल्याचा, म्हणजे त्या वेळी ड्युटीवर असलेल्याचा, फोन वाजतो. अप्रेझलचा फॉर्म कंपनीचा, सगळ्या डिपार्टमेंटला एकच: टेक्निकल स्किल, क्वालिटी, ओनरशिप, कम्युनिकेशन, टीमवर्क, डॉक्युमेंटेशन वगैरे आठ रकाने आणि प्रत्येकात 1 ते 5. 1 म्हणजे अपेक्षेपेक्षा खूप कमी, 3 म्हणजे अपेक्षेप्रमाणे, 5 म्हणजे अपेक्षेपेक्षा खूप जास्त. आता ही अपेक्षा कुणाची आणि काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी अकराच्या अकरा फॉर्म उघडून बसलो. 88 रकाने होते, त्यातल्या 79 मध्ये 3 किंवा 4. 1 एकदाही नाही. आणि सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे एकेका माणसाची ओळ आडवी वाचली तर आकडा जवळपास बदलतच नव्हता, ज्याला 4 त्याला सगळीकडे 4, जिला 3 तिला सगळीकडे 3. आमच्या एका डेव्हलपरला डॉक्युमेंटेशनमध्येही 4 होते आणि वर्षभरात त्याने एक पानही लिहिलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं तरी मी 4 दिले होते, कारण तो माझ्या डोक्यात 'चार वाला' होता. मानसशास्त्रात याला हेलो इफेक्ट म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच दाखवलं होतं की लष्करातले वरिष्ठ जेव्हा हाताखालच्या अधिकाऱ्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण द्यायला बसायचे तेव्हा ते सगळे आकडे एकमेकांना वाजवीपेक्षा जास्त चिकटून यायचे. शंभर वर्षांनंतर मी खराडीत बसून अगदी तेच केलं होतं.

आता तिच्या आणि त्या 'चार वाल्या'च्या कामाची तुलना नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

डिसेंबरमध्ये एका रात्री काही ग्राहकांच्या खात्यात एकाच पेमेंटच्या दोन-दोन जमा दिसायला लागल्या. गेटवेचा निरोप, म्हणजे वेबहुक, कधीकधी दोनदा येतो, ते तसं चालतंच, आपला कोड त्याला तयार असायला हवा आणि आमचा नव्हता. 'चार वाला' डेव्हलपर ऑन-कॉल होता, रात्री दोनला उठला, पंचवीस मिनिटांत फिक्स टाकला: एंट्री करायच्या आधी बघायचं की ही आधीच झालीय का, झाली असेल तर सोडून द्यायचं. त्या रात्री तेच बरोबर होतं. सकाळी सगळ्या मॅनेजमेंटने ग्रुपवर त्याचं कौतुक केलं, मीही केलं, आणि ते त्याला मिळायलाच हवं होतं.

पण तो फिक्स अर्धा होता. दोन निरोप काही मिलिसेकंदांच्या फरकाने आले तर दोन्ही प्रोसेस आधी बघतात, दोघींनाही एंट्री दिसत नाही, आणि मग दोघी एंट्री करतात. जानेवारीत हे परत दोनदा झालं, कमी प्रमाणात. तेव्हा तो बग तिच्याकडे गेला. तिने काय केलं ते मी तिच्याशी अप्रेझलचं बोलणं झाल्यानंतर, पहिल्यांदा नीट वाचलं. तिने आधी जुन्या डुप्लिकेट एंट्री छोट्या छोट्या बॅचमध्ये साफ करायचं मायग्रेशन (डेटाबेस बदलणारी स्क्रिप्ट) लिहिलं, मागे फिरायची सोय ठेवून. मग गेटवेच्या इव्हेंट आयडीवर आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (एकच आयडी दोनदा नोंदवू न देणारं बंधन) लावला, तोही कॉन्करंटली, म्हणजे इंडेक्स तयार होताना टेबलवरचं लिहिणं अडू नये. दुसरी एंट्री आली की डेटाबेसच नाही म्हणणार आणि कोड ते 'आधीच झालंय' असं समजून शांतपणे पुढे जाणार. एकच इव्हेंट एका वेळी दहा थ्रेडमधून, म्हणजे दहा समांतर वाटांनी, पाठवणारी टेस्ट लिहिली. आणि आधीचा रात्रीचा चेक काढून टाकला, का काढला ते पीआरमध्ये (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल तपासणीला देताना केलेली नोंद) चार ओळींत सांगून.

त्यानंतर त्या कारणाने फोन एकदाही वाजला नाही, आणि फोन वाजला नाही म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिला क्वालिटीमध्ये 3.

माझी आई शाळेत गणित शिकवायची आणि बोर्डाचे पेपर तपासायला जायची. लहानपणी मी बघितलंय, तपासणी सुरू व्हायच्या आधी सगळ्या परीक्षकांना आदर्श उत्तरं मिळायची, कुठल्या स्टेपला किती मार्क हे ठरलेलं असायचं, आणि मॉडरेटर मधूनच काही पेपर उचलून परत तपासायचे. शेवटचं उत्तर चुकलं तरी सूत्र बरोबर असेल तर त्याचा मार्क मिळायचा. आई म्हणायची की नुसतं "दहापैकी किती वाटतात ते दे" म्हटलं असतं तर सकाळच्या आणि दुपारच्या गठ्ठ्याला मीच वेगवेगळे मार्क दिले असते. आम्ही माणसांचा पगार ठरवताना नेमकं हेच 'किती वाटतात ते दे' करत होतो.

मग मी लीडना एक प्रयोग करू या म्हणालो. गेल्या वर्षभरातले बारा पीआर निवडले, नावं काढली, आणि तिघांना वेगवेगळं बसवून एकूण क्वालिटीला 1 ते 5 द्यायला सांगितले. बारापैकी फक्त दोन पीआरना तिघांनी सारखा आकडा दिला. तिच्या युनिक इंडेक्सवाल्या पीआरला 2, 5 आणि 3 मिळाले. मी त्यांना समोरासमोर बसवून कारणं विचारली. 2 देणारा म्हणाला की यात रनबुक (अडचण आली तर काय करायचं याची लेखी यादी) अपडेट केलेलं नाही, ऑन-कॉलवाल्याने काय करायचं? 5 देणारी म्हणाली, "अरे हा बग कळायलाच लोकांना आठवडा लागला असता, तू रनबुकचं काय घेऊन बसलायस!" आणि तिसरा म्हणाला की मी सगळ्यांना 3 पासून धरतो, 4 मिळायला काहीतरी वेगळं दिसायला लागतं. म्हणजे तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या आणि फॉर्ममध्ये त्या एकाच रकान्यात एकाच आकड्यात गेल्या असत्या. तिच्या नशिबी कुठला आकडा येणार हे ती कुठल्या लीडखाली आहे यावर ठरणार होतं.

हे फक्त आमचंच नाही. स्कलन, माउंट आणि गॉफ यांचा 2000 सालचा एक अभ्यास आहे, त्यात 4,492 मॅनेजरना त्यांच्या वरिष्ठांनी, बरोबरच्यांनी आणि हाताखालच्यांनी दिलेली रेटिंग तपासली होती, आणि रेटिंगमधला निम्म्याहून जास्त फरक रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींमुळे येत होता. ज्याचं रेटिंग होतंय त्याच्या कामाचा वाटा त्याच्यापेक्षा बराच कमी. मी हे वाचलं तेव्हा मला त्या मीटिंग रूममधला तिचा चेहराच आठवला.

एचआरकडे गेलो तर त्यांनी दोन पर्याय दिले. एक, स्केल 1 ते 10 करू म्हणजे फरक जास्त दिसेल. दोन, बेल कर्व्ह लावू, थोड्यांना वरचे, थोड्यांना खालचे आणि बाकीच्यांना मधले आकडे सक्तीने वाटू, म्हणजे सगळे 3-4 मध्ये जमणार नाहीत. पहिल्याने काय होणार होतं, तर आमची अडचण दुप्पट बारीक आकड्यांत दिसली असती, बाकी काही नाही. आणि दुसऱ्याबद्दल मी स्पष्ट नाही म्हणालो. मायक्रोसॉफ्टने 2013 च्या नोव्हेंबरमध्ये अशी सक्तीची क्रमवारी बंद केली, त्याच्या आधी कित्येक वर्षं तिथले चांगले इंजिनिअर एकमेकांच्या टीममध्ये जायला टाळायचे याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. अकरा जणांत घंटेचा आकार शोधणं हे मला पटतच नाही.

रुब्रिकबद्दलही मला शंका होतीच. लँडी आणि फार यांनी 1980 मध्ये तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिलं होतं की नुसता फॉर्मचा साचा बदलून रेटिंगमध्ये फारसा फरक पडत नाही. मग रुब्रिक हाही नवा साचाच ना? दुसरीकडे योन्सन आणि स्विंगबी यांचा 2007 चा शिक्षणातल्या 75 अभ्यासांचा आढावा आहे, त्यात रुब्रिकने तपासणी जास्त सारखी होते असं निघालं, पण कधी, तर प्रत्येक पैलू वेगळा तपासला, रुब्रिक त्या विशिष्ट कामासाठी लिहिलेलं असलं, आणि सोबत नमुने आणि तपासणाऱ्यांचं ट्रेनिंग असलं तर. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर मला इतकंच कळलं की नेटवरून कुणाचं तरी रुब्रिक उचलून फॉर्मला चिकटवलं तर काही होणार नाही, ते आमच्याच लोकांना आमच्याच पीआरवरून लिहावं लागेल.

आणि लिहिताना पहिला मसुदा साफ फसला. टेस्टिंगच्या ओळीत आम्ही लिहिलं होतं: टेस्ट अपुऱ्या, टेस्ट पुरेशा, टेस्ट चांगल्या, टेस्ट उत्कृष्ट. दिसायला रुब्रिक, पण आतून तीच जुनी स्केल, आकड्यांच्या जागी विशेषणं बसलेली. 'चांगल्या' म्हणजे काय हे परत तपासणाऱ्याच्याच डोक्यात. मग आम्ही एक नियम केला की ज्या वाक्यावरून दुसरा माणूस पीआर उघडून हो की नाही सांगू शकत नाही ते वाक्य काढायचं. तीन आठवडे रोज अर्धा तास भांडलो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी वेळ तो होता, कारण दोन-दोन वर्षं एकत्र काम करणाऱ्या तीन लीडना पहिल्यांदा कळलं की आपण 'नीट काम' या शब्दांनी वेगवेगळ्या गोष्टी म्हणतो. शेवटी टेस्टिंगची ओळ अशी झाली:

पहिली पायरी: बदलाबरोबर टेस्ट नाही, किंवा आहे ती बदल काढून टाकला तरी पास होते.

दुसरी पायरी: सरळ वाटेची टेस्ट आहे आणि बदल काढला की ती फेल होते.

तिसरी पायरी: शिवाय ज्या परिस्थितीत बग आला किंवा येऊ शकतो (दोनदा आलेला निरोप, रिकामी व्हॅल्यू, टाइमआउट) ती टेस्टमध्ये उभी केलीय.

चौथी पायरी: शिवाय तीच चूक दुसऱ्या कुणाकडून झाली तरी आपोआप पकडली जाईल असं काही मागे ठेवलंय, जसं की सीआयमधला (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सिस्टिममधला) चेक किंवा डेटाबेसवरचं बंधन.

चारच पायऱ्या मुद्दाम ठेवल्या, पाच असत्या तर तिसरीवर सगळे परत गोळा झाले असते. अशा चार ओळी केल्या: टेस्टिंग, डिझाइन, बदल सुरक्षितपणे प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर) नेणं, आणि दुसऱ्याला कळेल असं लिहिणं. 'ओनरशिप' काढून टाकली, तिघांनाही तिचं तपासता येईल असं एक वाक्य लिहिता आलं नाही.

वाक्यं कुठल्या ओळीत बसतात हे ठरवायला एक जुनी युक्ती वापरली. स्मिथ आणि केंडल यांनी 1963 मध्ये नर्सच्या कामासाठी अशी पट्टी बनवली होती. हेड नर्सनीच कामाची उदाहरणं लिहायची आणि मग दुसऱ्या गटाने, मथळे न लावलेली ती उदाहरणं परत कुठल्या गुणाखाली जातात ते सांगायचं, ज्यावर एकमत नाही ते फेकायचं. आम्ही शेजारच्या टीममधल्या दोघांना चिठ्ठ्या करून दिल्या, चाळीसेक होत्या, त्यातल्या तेरा दोघांनी वेगवेगळ्या ढिगात टाकल्या. त्या तेरा गेल्या. एक गेली तेव्हा मला वाईट वाटलं, ती माझी आवडती होती.

मग नवीन बारा पीआर घेऊन परत तिघांना बसवलं. टेस्टिंगच्या ओळीत बारापैकी सात पीआरवर तिघांचं एकमत झालं. डिझाइनच्या ओळीत फक्त चार. यावरून फार मोठं काही म्हणू नये, बारा पीआर म्हणजे काहीच नाही, पाचाऐवजी चार पर्याय असले की योगायोगानेच जुळण्याची शक्यता वाढते, आणि तीन आठवडे भांडून लीडच बदलले होते, तेव्हा फरक कागदाचा किती आणि भांडणाचा किती हे वेगळं करता येणार नाही. पण जिथे जुळलं नाही तिथे आता वाद कशावर आहे हे बोट ठेवून दाखवता येत होतं, आणि आधी ते येत नव्हतं.

स्केल पूर्ण सोडली असंही नाही. एक प्रश्न आम्ही स्केलवरच ठेवला: "काही अडलं तर या व्यक्तीकडे जायला तुम्हाला किती सोपं वाटतं?" पाच पर्याय, सगळ्या सहकाऱ्यांकडून, नाव न सांगता. इथे आपण वाटणंच विचारतोय, ते वाटणं दहा जणांकडून येतंय, आणि वाटण्याच्या पायऱ्या लिहायला बसलो तर ते खोटं होईल. रेन्सिस लायकर्ट यांनी 1932 मध्ये अशी पट्टी मांडली ती लोकांच्या मनातला कल मोजायला, आणि त्या कामाला ती अजूनही उत्तम आहे. सरासरी मात्र आम्ही दाखवत नाही, कुठल्या पर्यायाला किती जण तेवढंच दाखवतो. आमचा घोटाळा इतकाच होता की कामाचा दर्जा विचारायच्या जागी आपण वाटणं विचारत होतो आणि त्याला माप समजत होतो.

अडचणी आल्याच. वेळ हा सगळ्यात मोठा, जुना फॉर्म माणशी दहा मिनिटांत व्हायचा, आता चार पीआर वाचून पुरावा लिहायला दीड तास जातो, अकरा जण धरले तर लीडचे मिळून दोन पूर्ण दिवस. मला ते योग्य वाटतं, ज्या कामावर माणसाचं वर्ष गेलं ते वाचायला दीड तास जास्त नाही. एचआरला एकच आकडा हवा होता म्हणून त्यांनी चार ओळींची बेरीज करायला सुचवलं, ते आम्ही टाळलं. पायऱ्या या क्रमाच्या असतात, पहिली ते दुसरी आणि तिसरी ते चौथी यातलं अंतर सारखं नसतं, स्टीव्हन्स यांनी 1946 मध्येच मोजमापांचे हे प्रकार वेगळे केलेत. मी शेवटचा आकडा अजूनही देतो, सिस्टिमला लागतो, पण तो देताना चार ओळी आणि त्यांचे पीआर समोर ठेवून खाली चार वाक्यं कारण लिहावं लागतं आणि ते डेव्हलपरला दिसतं. आणि दोन वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या माणसाकडून एकच पायरी अपेक्षित नसते, ते पदानुसार आधी जाहीर केलं.

रुब्रिकला न दिसणारं कामही असतं. आमच्या एका सिनिअरने एक अख्खं चुकीचं फीचर बिझनेसवाल्यांशी बोलून सुरू व्हायच्या आधीच थांबवलं, त्याचा पीआर कुठून येणार? त्यासाठी एक रिकामी ओळ ठेवली, तिला पायऱ्या नाहीत, फक्त काय केलं आणि कुणाला विचारता येईल हे लिहायचं.

'चार वाला' डेव्हलपर नव्या पद्धतीत टेस्टिंगला दुसऱ्या पायरीवर आला आणि तो दुखावला. मला ते अपेक्षित होतं. त्याने ओळ वाचली आणि म्हणाला, "तिसरी कशी मिळते ते कळलं, मान्य आहे. पण रात्री दोनला, ग्राहकाचे पैसे दोनदा पडतायत तेव्हा मी दहा थ्रेडची टेस्ट लिहीत बसायचं का?" त्याचं बरोबर होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी एक वाक्य वाढवलं: तातडीच्या फिक्सचा पीआर त्या रात्रीच्या अवस्थेत तपासायचा नाही, पुढच्या सात कामाच्या दिवसांत त्याच्या मागे काय आलं ते धरून तपासायचा. तेव्हापासून रात्रीच्या फिक्सच्या मागे एक तिकीट (उरलेल्या कामाची नोंद) उघडायला लागलं, बहुतेक वेळा तोच उघडतो.

तिचं मात्र त्या वर्षीचं इन्क्रिमेंट लॉक झालेलं होतं, मी दोनदा प्रयत्न केला, ते बदलता आलं नाही. हे मी तिला सांगितलं, आणि तो पीआर मी वाचलेला नव्हता हेही सांगितलं. सहा महिन्यांनी परत बसलो तेव्हा ती दोन पीआर उघडून आली होती. 'दुसऱ्याला कळेल असं लिहिणं' या ओळीत लीडने तिला दुसरी पायरी दिली होती आणि तिचं म्हणणं होतं की हे दोन तिसरीत बसतात. आम्ही तिघांनी वाचले. एक बसत होता, एक नव्हता, आणि का नव्हता ते तिनेच शोधलं: रनबुकची लिंक तुटलेली होती.

डिझाइनच्या ओळीवर अजून एकमत होत नाही. नव्या चिठ्ठ्या लिहायचं काम या वेळी लीडऐवजी तिच्याकडे आणि त्याच्याकडे दिलंय, आत्तापर्यंत एकोणीस झाल्यात, शुक्रवारी शेजारच्या टीमकडे पाठवायच्या आहेत.